चित्राखालचे नाव

दिवाळी अंक हाती पडला की आपण प्रथम मुखपृष्ठ पाहतो, मग अनुक्रमणिका, आणि त्यानंतर पाने चाळू लागतो. कथेच्या शीर्षकाशेजारचे चित्र नजरेत भरले तर ती कथा आधी वाचली जाते, एरवी ती मागे पडते. कथा आवडली की लेखकाचे नाव लक्षात राहते, त्यांना पत्र जाते, दूरध्वनी जातो. ज्या चित्राने आपल्याला त्या कथेपर्यंत आणून सोडले, ते कोणी काढले हे मात्र शंभरातील नव्वद वाचकांना सांगता येणार नाही. हा दोष केवळ वाचकांचा नाही. आम्हा संपादकीय विभागात काम करणाऱ्यांचा तो अधिक आहे, आणि त्याची कबुली देऊनच हा लेख आरंभणे उचित होईल.

सुमारे तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. प्रस्तुत लेखक तेव्हा पत्रकारितेत नवखा होता आणि एका दिवाळी अंकाच्या कामावर त्याची नेमणूक झाली होती. त्या अंकाचे नाव सांगण्यात आज काही हशील नाही. भाद्रपदातील एका दुपारी चार कथांची चित्रे आणण्यासाठी मला मुलुंडला एका चित्रकारांच्या घरी पाठविण्यात आले. दीड खोल्यांचे घर होते. पलंगावर फळी टाकून त्यांनी बैठक मांडली होती, कारण खिडकीतून येणारा उत्तरेचा उजेड नेमका तेथे पडत असे. शाईची दौत, ब्रश पुसायची फडकी आणि पाण्याचा पेला एवढाच संसार. वहिनींनी चहा दिला तोही पेला चुकवून.

एक चित्र अपूर्ण होते. कथा कोकणातील होती आणि तीत विहिरीवर पाणी शेंदणारी एक विधवा होती. त्यांनी मला विचारले, “लेखक कोणत्या गावचे? रहाटाची विहीर की लाटेची? बाईचे लुगडे आलवण आहे का? कथेत साल दिलेले नाही, पण बोलण्यावरून ती स्वातंत्र्यापूर्वीची वाटते.” मी ती कथा दोनदा तपासून छपाईला सोडली होती, तरी यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. त्यांनी स्वतः दादरला जाऊन लेखकांची गाठ घेतली आणि दुसऱ्या दिवशी चित्र पूर्ण केले.

अंक निघाला. पानाची जुळणी करताना मजकूर दोन ओळी वाढला होता. त्या दोन ओळी बसविण्यासाठी जे काढले गेले ते चित्रकाराचे नाव होते, आणि काढणारा हात माझा होता. मानधनाचा धनादेश त्यांना पुढच्या अक्षय्य तृतीयेला मिळाला, तोही ठरल्यापेक्षा कमी रकमेचा. त्यांचा दूरध्वनी आला की “हिशेब विभागाला सांगतो” हे ठराविक उत्तर मी देत असे. पैशांबद्दल ते कधी चढ्या आवाजात बोलले नाहीत. एकदाच म्हणाले, “पैसे उशिरा आले तर चालवून घेतो हो, पण पुढच्या वेळी नाव तेवढे राहू द्या.”

उपनगरांतील ही परंपरा

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही नावे घेतली की आपल्याला लोकलची गर्दी आणि गृहसंकुले आठवतात. कलेचा संबंध आपण काळा घोड्याशी जोडतो. तेथे १९५२ साली उभे राहिलेले जहांगीर कलादालन आहे, आणि तेथील तारखेसाठी चित्रकारांनी वर्षानुवर्षे वाट पाहण्याची रीत सर्वश्रुत आहे. परंतु चित्र लोकांच्या घरात नेण्याचे काम फार पूर्वीपासून उपनगरांत झालेले आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळामुद्रणाचा छापखाना काढला, त्याचा मुक्काम घाटकोपरला होता. प्लेगच्या दिवसांत, १८९९ साली तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलविण्यात आला. लक्ष्मी आणि सरस्वती यांची जी रूपे आपल्या आजी-पणजीच्या देवघरांत पोहोचली, ती या छापखान्याच्या द्वारे. पण तो व्यवहार चित्रकाराला पेलला नाही. कर्ज वाढले आणि छापखाना चित्रांच्या हक्कांसह त्याच्या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती गेला. एवढ्या थोर चित्रकाराचीही हिशेबाच्या वहीपुढे ही गत झाली.

रावबहादूर धुरंधर खारला राहत. जे. जे. कलाशाळेतील नोकरीचा आधार असल्याने पुस्तके, पोस्टकार्डे, जाहिराती अशा नाना प्रकारांत त्यांची कुंचली मोकळेपणाने फिरू शकली. वसंत सरवटे यांच्यासारख्या मार्मिक रेषेच्या कलावंताने सिमेंट कंपनीत अभियंता म्हणून नोकरी सांभाळून चित्रे काढली. पगाराचा आधार ज्यांनी घेतला नाही त्यांना दुसरी वाट शोधावी लागली. गोव्यातून आलेल्या दीनानाथ दलालांनी १९४५ साली स्वतःचे ‘दीपावली’ सुरू केले आणि चित्रकार स्वतःच संपादक व प्रकाशक झाला. गोव्याचेच रघुवीर मुळगावकर यांची देवदेवतांची चित्रे दिनदर्शिकांवरून घरोघर गेली. दलाल १९७१ साली गेले तेव्हा पंचावन्न वर्षांचेही नव्हते. मुळगावकर १९७६ मध्ये साठीच्या आत गेले. दिवाळीपूर्वीच्या महिन्यांत डझनावारी मुखपृष्ठे हातावेगळी करणाऱ्या या पिढीने किती रात्री जागून काढल्या असतील, याची कल्पना केलेली बरी.

आपल्या काळातील आनंदाचे उदाहरण बोरिवलीचे वासुदेव कामत यांचे. जे. जे.मधून शिक्षण घेऊन व्यक्तिचित्रणाला वाहून घेतलेल्या या चित्रकाराला २००६ साली अमेरिकेतील पोर्ट्रेट सोसायटीचा सर्वोच्च सन्मान मिळाला तो पत्नीच्या चित्रासाठी, आणि २०२५ साली ते पद्मश्रीने गौरविले गेले. उपनगरात राहून, परंपरेशी नाते राखून जगाच्या पहिल्या पंक्तीत बसता येते, हे त्यांनी दाखविले. तथापि एका कामतांच्या यशाकडे बोट दाखवून बाकीच्या शेकडो चित्रकारांचे प्रश्न सुटले असे मानता येणार नाही.

दुसरे एक उदाहरण द्यावयास हवे. राज्य शासनाने मान्यता दिलेले शिवछत्रपतींचे चित्र आपण शाळांत आणि कार्यालयांत नित्य पाहतो, त्यापुढे हात जोडतो. ते कोल्हापूरच्या जी. कांबळे यांनी रंगविलेले आहे. चित्रपटांची पोस्टरे रंगविणाऱ्या या कलावंताचे नाव, त्या चित्राला हार घालणाऱ्या किती जणांना ठाऊक असते?

‘आपलेच काम आहे’

आता थोडे आपल्याच घरात डोकावू. स्मरणिकेचे मुखपृष्ठ, शोभायात्रेचा चित्ररथ, उत्सवाच्या मंडपातील पडदा, शाखेच्या किंवा मंडळाच्या रौप्यमहोत्सवाचे बोधचिन्ह, अशी कामे निघाली की आपल्याला परिचयातील चित्रकार आठवतो. त्याला सांगताना आपले एक ठरलेले वाक्य असते, “आपलेच काम आहे.” तो नाही म्हणत नाही, कारण त्यालाही ते आपलेच वाटते. चार रात्री जागून तो काम देतो. समारोपाला त्याला व्यासपीठावर बोलावून शाल आणि श्रीफळ देण्यात येते.

त्याच कार्यक्रमात मंडपवाल्याचे, ध्वनिक्षेपकवाल्याचे आणि भोजनवाल्याचे देयक मात्र पूर्ण चुकते केले जाते. त्यांना आपण “आपलेच काम आहे” असे म्हणत नाही, म्हटले तरी ते ऐकणार नाहीत. सेवाभावाने काम करणे हे आपल्या कार्यपद्धतीचे भूषण आहे यात शंका नाही. पण सेवा ही देणाऱ्याने द्यावयाची असते. मागणाऱ्याने ती गृहीत धरली की तिची वेठबिगार होते. ज्या कार्यकर्त्याची बँकेत नोकरी आहे तो संध्याकाळचे दोन तास देतो, त्याचा पगार सुरू असतो. चित्रकाराकडून आपण मागतो ती त्याची रोजीरोटीच. वकिलाने संस्थेचे सगळे खटले फुकट चालवावेत अशी अपेक्षा आपण वर्षानुवर्षे ठेवू का?

आपल्याकडे चौसष्ट कला सांगितल्या आहेत आणि विष्णुधर्मोत्तर पुराणात चित्रकलेला स्वतंत्र विभाग दिलेला आहे, हे आपण भाषणांतून अभिमानाने सांगतो. तो अभिमान खरा असेल तर कलावंताचे घर कसे चालते याचीही चौकशी करावयास हवी.

कायदा काय म्हणतो

स्वतंत्र चित्रकाराला पगार नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, आजारपणाची रजा नाही. म्हणून त्याला कायद्याची जुजबी माहिती हवी, आणि काम देणाऱ्यालाही हवी. १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्यानुसार मोबदला देऊन सांगून काढून घेतलेल्या रंगचित्राचा वा व्यक्तिचित्राचा प्रथम हक्क, वेगळा करार नसेल तर, काम सांगणाऱ्याकडे जातो. म्हणजे दोन ओळींचे पत्र आधी न लिहिणारा चित्रकार चित्रासह हक्कही देऊन बसतो. हक्क चित्रकाराकडे असेल आणि तो द्यावयाचा असेल, तर तसा लेख लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. “एकदा वापरण्यासाठी” दिलेले चित्र पुढे दिनदर्शिकेवर आणि पिशवीवर दिसते, ते या दोन ओळींच्या अभावी.

मात्र हक्क विकला तरी कर्तेपण विकले जात नाही. आपले नाव लावून घेण्याचा आणि कलाकृतीची विटंबना रोखण्याचा अधिकार याच कायद्याच्या ५७ व्या कलमाने कलावंताला दिला आहे. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातील भित्तिशिल्प १९७९ मध्ये उतरवून गोदामात टाकले गेले. ते न्यायालयात गेले. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्प त्यांना परत करण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला. दोन ओळी बसविण्यासाठी मी जे नाव काढले, ते काढण्याचा मला अधिकारच नव्हता, हे मला फार उशिरा कळले.

थकीत पैशांचेही तसेच. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रमांच्या कायद्यानुसार नोंदणीकृत छोट्या व्यावसायिकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, अन्यथा रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागू होते. ‘उद्यम’ नोंदणी २०२० पासून संगणकावरून विनाशुल्क होते आणि ती सेवा देणाऱ्यांनाही खुली आहे. तरुण चित्रकारांनी ती अवश्य करावी.

यंत्र आणि माणूस

या व्यवसायाने यंत्राचे आघात पूर्वीही सोसले. ठोकळे गेले, ऑफसेट आले. संगणकीय जुळणी आली. फ्लेक्स आला आणि नाक्यानाक्यावरचे पाटी रंगविणारे पेंटर दिसेनासे झाले. आता दोन ओळी लिहिल्या की चित्र काढून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने २०२२ पासून सर्रास मिळू लागली आहेत. मार्च २०२५ मध्ये घरोघरच्या छायाचित्रांना जपानच्या घिब्ली चित्रसंस्थेच्या शैलीत रंगविण्याची लाट आपण पाहिली. त्या संस्थेच्या कलावंतांनी हाताने आयुष्यभर घडविलेली शैली एका आठवड्यात खेळणे झाली.

यंत्राला सरसकट विरोध करण्यात अर्थ नाही. अनेक तरुण चित्रकार संगणकाच्या पाटीवर उत्तम काम करतात. प्रश्न एवढाच की, लेखक कोणत्या गावचे आणि विहीर रहाटाची की लाटेची, हे यंत्र विचारते का? ते न विचारता कुठली तरी विहीर काढून देते आणि आपल्यालाही तीच खरी वाटू लागते. आपल्या घाटांची, वाड्यांची, लुगड्यांची आणि पगड्यांची खरी रूपे पुढच्या पिढीच्या डोळ्यांसमोर राहावीत असे वाटत असेल, तर त्यांची चौकशी करणारा माणूस टिकला पाहिजे.

आपण काय करू शकतो

यासाठी मोठ्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. संस्थेच्या अंदाजपत्रकात मंडपाप्रमाणे चित्रांसाठी स्वतंत्र रक्कम धरावी. काम सांगताना मोबदला, मुदत आणि वापर या तीन गोष्टी कागदावर लिहाव्यात. एखाद्या चित्रकाराला सेवा म्हणून काम द्यावयाचे असेल तर ते त्याने आपणहून सांगावे. चित्राखाली नाव छापावे. वास्तुशांतीला किंवा साठीशांतीला भेट देताना आपल्याच उपनगरातील चित्रकाराचे एखादे लहान मूळ चित्र घ्यावे. आणि मुलाने चित्रकार व्हायचे म्हटले, तर “मग पोट कशावर भरशील?” हे विचारण्यापूर्वी, आपण स्वतः आजवर किती चित्रांचे पैसे दिले, याचा हिशेब मनाशी करावा.

गेल्या वर्षी मी मुलुंडच्या त्या घरी पुन्हा गेलो होतो. त्यांची दृष्टी आता अधू झाली आहे. त्यांनी एक जुनी वही पुढे केली. छापून आलेल्या प्रत्येक चित्राचे कात्रण तीत चिकटविलेले होते. शेजारी ठरलेली रक्कम, मिळालेली रक्कम आणि तारीख. विहिरीवरच्या त्या बाईचे पानही निघाले. चित्राखाली त्यांनी स्वतःच्या हाताने पेन्सिलीने आपले नाव लिहून ठेवले होते. मी क्षमा मागितली. ते म्हणाले, “अहो, तुम्ही तेव्हा पोरसवदा होता.” वहिनींनी चहा आणला.

यंदाचा दिवाळी अंक उघडाल तेव्हा चित्राखालचे नाव वाचा. ते छापलेले नसेल, तर संपादकांना एक पत्र लिहा. आम्हा मंडळींना वाचकांच्या पत्राचा धाक अजून वाटतो.