एअर फ्रायर, स्टेक आणि आपली मुले

स्मरणिकेसाठी बालरोगतज्ज्ञाने लिहावयाचे म्हणजे लसीकरण, स्तनपान किंवा परीक्षेचा ताण, असा एक संकेतच होऊन बसला आहे. यंदा तो मोडीत आहे. विषय स्वयंपाकघरातला आहे. आपल्यापैकी अनेक घरांत मांस शिजत नाही, त्या वाचकांना तो अप्रस्तुतही वाटेल. पण त्याचे एक टोक माझ्या तपासणीच्या टेबलापर्यंत येते, म्हणून हे धाडस.

गेल्या दिवाळीत अमेरिकेत स्थायिक झालेल्या भाच्याशी व्हिडिओवर बोलत होतो. बोलता बोलता तो एअर फ्रायरमध्ये स्टेक शिजवीत होता. स्टेक म्हणजे दीड-दोन बोटे जाडीचा मांसाचा अखंड तुकडा, बहुधा गोमांसाचा. दिवाळीच्या दिवशी हे दृश्य पाहून माझ्या बहिणीने फोन माझ्या हाती दिला आणि ती आत निघून गेली. आपल्याकडे तो प्रश्न उद्भवत नाही. मध्य प्रदेशात गोवंश वधबंदीचा स्वतंत्र कायदा २००४ सालचा आहे. असो. मला कुतूहल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. त्याने टोपली बाहेर ओढली तेव्हा तुकड्यावर सुरेख तपकिरी रंग चढला होता. मी म्हणालो, "झाला की!" त्याने एक लांब सुई असलेला थर्मामीटर तुकड्याच्या मध्यापर्यंत खुपसला. आकडा आला ४६. "मामा, रंग नका बघू, आकडा बघा," असे म्हणत त्याने टोपली परत आत ढकलली. ६३ अंश सेल्सिअस झाल्यावर तुकडा बाहेर काढला आणि तीन मिनिटे त्याला हातही लावला नाही. स्वतःसाठी तो ५४-५५ अंशांवरच थांबतो, आतून गुलाबी ठेवतो. पण त्या दिवशी ताटाला त्याची पाच वर्षांची मुलगी बसणार होती.

एअर फ्रायर हे नाव मुळात फसवे आहे. त्यात तळण होत नाही. वर तापणारी तार, तिच्यामागे जोराचा पंखा आणि खाली जाळीची टोपली, म्हणजे एक लहानशी, वेगवान वारा खेळवणारी भट्टी. फिलिप्सने २०१० साली ती बाजारात आणली. कोरडी, उष्ण हवा पदार्थाच्या पृष्ठभागावरचे पाणी झपाट्याने उडवते. तेथील तापमान १४० अंशांच्या आसपास गेले की रंग व खमंगपणा येतो. ही सारी किमया बाहेरच्या पातळ थराची आहे. आत उष्णता संथपणे झिरपते, आणि तुकडा फ्रिजमधून काढून थेट ठेवलेला असेल, किंवा टोपली गच्च भरलेली असेल, तर आणखीच संथ. आपल्या मसाल्यांतील हळद, तिखट आणि दही यांनी तर कच्च्या मांसालाच भाजल्यासारखा रंग येतो. मग डोळ्यांनी निवाडा करायचा तरी कसा?

आपल्या स्वयंपाकाला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. मटणाचा रस्सा तासभर रटरटत असे. पुढे कुकर आला, त्यात तापमान १२० अंशांच्या जवळ जाते. शिट्ट्या झाल्या की आत-बाहेर असा भेदच उरत नाही. म्हणूनच आपल्याकडील एकाही आजीने मांसात थर्मामीटर खुपसला नाही. तिला त्याची गरजच नव्हती. एअर फ्रायर हे मात्र स्टेक शिजवणाऱ्या संस्कृतीतले यंत्र आहे. यंत्र आपल्या ओट्यावर आले. त्याच्या जोडीचा थर्मामीटर तिकडेच राहिला. माझी तक्रार एवढीच आहे, आणि त्यात आपण डॉक्टर मंडळीही दोषी आहोत. रुग्णाने "तेल नाही" असे म्हटले की आपण मान डोलावतो आणि पुढचा प्रश्न विचारीत नाही.

मागील पावसाळ्यात चार वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आला. ताप, रक्तमिश्रित जुलाब, मलूल चेहरा. दोन दिवसांपूर्वी घरी चिकनच्या खिम्याचे सीख कबाब केले होते. "डॉक्टरसाहेब, बाहेरचं काही नाही हो, आणि तेलाचा एक थेंबसुद्धा नव्हता!" आई काकुळतीने सांगत होती. कबाब आतून कसे होते, असे विचारल्यावर ती थबकली. जरा गुलाबी, मऊ होते. तिला वाटले, रसदार झालेत. कबाबच दोषी होते हे मी सिद्ध करू शकत नाही. मुलगा पाच दिवसांत खडखडीत बरा झाला. तरी लघवी होते ना, हे मी त्या पाच दिवसांत रोज विचारीत होतो.

त्यामागे एक जुनी आठवण आहे. १९९७ साली एमडी करीत असताना आमच्या वॉर्डात अशाच जुलाबांनंतर एक मुलगी पांढरीफटक पडली आणि तिची लघवी थांबली. हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम. पोटातून डायलिसिस करूनही ती गेली. आपल्या देशात या विकारामागे बहुधा शिगेलाचे जंतू असत. पाश्चात्त्य देशांत ई. कोलायचा ओ१५७ हा प्रकार. १९९३ साली अमेरिकेत अर्धवट शिजलेल्या हॅम्बर्गरमुळे सातशेहून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुले दगावली. पाच वर्षांखालील मुलांना या विकाराचा धोका सर्वाधिक.

येथे स्टेक आणि कबाब यांतील भेद ध्यानी घ्यावा. अखंड तुकड्यात जंतू मुख्यतः पृष्ठभागावर असतात. तो भाग भाजला की बहुतांश मरतात, म्हणून ६३ अंश पुरतात. खिम्यात यंत्र पृष्ठभाग आत कालवून टाकते. म्हणून अमेरिकन मानक ७१ अंशांचे आहे. कोंबडीला, अखंड असो वा खिमा, ७४ लागतात. मसाला मुरावा म्हणून आपण तंगडीला सुरीने खोल चिरा देतो, तेव्हाही बाहेरचे आतच नेतो.

यावरून कोणी मुलांचे मांस बंद करील तर ते उलटेच होईल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) भारतातील सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६७.१ टक्के मुले रक्तक्षयी आढळली. मांसातील लोह शरीरात सहज शोषले जाते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शनानुसार सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांना मांस, मासे किंवा अंडी रोज मिळावीत. ज्या घरांत मांस चालते तेथे मी खिम्याचीच शिफारस करतो, पण तान्ह्यासाठी तो कुकरमधलाच. आणि दोन वर्षांखालील मुलाचे तूप-तेल तोडू नये, हेही सांगून ठेवतो. त्याच्या वाढत्या मेंदूला स्निग्धांश हवा असतो. तेलाची धास्ती आपल्या वयाला शोभते, त्याच्या नव्हे.

आमच्याही घरी एअर फ्रायर आहे, हे कबूल करतो. पत्नीने त्यात भरिताचे वांगे भाजून पाहिले. साल छान सुटली, पण कपाशीच्या काड्यांवरच्या धुराची चव काही उतरली नाही. चिकन मात्र उत्तम होते, आकडा पाहून केले तर.

त्या मुलाच्या आईला मी मांसाचा थर्मामीटर घ्यायला सांगितले होते. आठवड्याने तिचा फोन आला. दुकानदाराने तिला ताप मोजण्याचा दिला होता. तो ४२ अंशांवर संपतो. शेवटी सुईचा थर्मामीटर मी माझ्यासोबत तिच्यासाठीही मागवला. काही शे रुपयांत आला.