डिचोलीच्या मुलांचा समुद्र

सारमानसच्या धक्क्यावरून आमच्या डिचोलीचे खनिज बार्जमध्ये भरले जायचे, मांडवीतून मुरगावला पोचायचे आणि तिथून मोठ्या जहाजांनी जपानला, चीनला जायचे. तालुक्याचा डोंगर असा वर्षानुवर्षे समुद्रापलीकडे गेला. पण याच तालुक्यातल्या सातवीच्या वर्गात ‘भरती येताना कुणी नीट पाहिली आहे?’ असे विचारले, तर मोजकेच हात वर होतात. समुद्रावर गेलेली सगळीच असतात. रविवारी संध्याकाळी, घरच्यांबरोबर, पाय भिजवून भेळ खाण्यापुरती.

म्हणून जानेवारीत तालुक्यातल्या एका शाळेने सहलीसाठी पेडण्याचा किनारा निवडला तेव्हा मी हौसेने सोबत गेले. त्यातही शिक्षकांनी पात्रादेवी, तेरेखोल आणि मोरजी अशी तीनच ठिकाणे ठेवली होती. एरवी सहलीचा कागद हातात घेतला की त्यावर आठ-दहा नावे असतात आणि मुलांचा अर्धा दिवस ‘चला, बसा, मोजा’ यातच जातो. त्यात शिक्षकांचा दोष नाही. ‘एवढे पैसे घेतले, मग काय काय दाखवलं?’ असे पालकच विचारतात. या शाळेने पालकांची सभा घेऊन आधीच सांगून टाकले होते: कमी दाखवू, पण बसून दाखवू.

पात्रादेवीला हुतात्मा स्मारकापाशी बाईंनी मुलांना सावलीत बसवले. 15 ऑगस्ट 1955 रोजी देशभरातून आलेले सत्याग्रही हातात शस्त्र न घेता गोव्याच्या हद्दीत शिरले आणि पोर्तुगीज पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. इथे पडलेल्यांत कर्नैलसिंग होते, लुधियाना जिल्ह्यातल्या ईसरू गावचे, पंचविशीच्या आतले. ते शाळामास्तर होते, असे बाई म्हणाल्या तेव्हा मागच्या रांगेतली कुजबुज थांबली. ‘पंजाबातून इथे? त्यांचं इथे कोण होतं?’ एका मुलीने विचारले. बाईंनी उत्तराची घाई केली नाही. ‘तुम्हीच सांगा,’ म्हणाल्या. मग पाच-दहा मिनिटे मुले आपसातच बोलत राहिली आणि मोठी माणसे ऐकत राहिली.

तिथून केरी. तेरेखोल नदीच्या मुखाशी फेरीबोटीचा धक्का आहे. आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी लागली होती, पाणी उतरले होते आणि बोट पलीकडेच थांबली होती. दुसरी एखादी सहल वैतागून परत फिरली असती. आमच्याबरोबरच्या विज्ञानाच्या सरांनी मुलांना किनाऱ्यावर उतरवले. सुरूची वाळकी काटकी पाण्याच्या अगदी कडेला रोवली आणि दोन मुलांना घड्याळ घेऊन तिच्यापाशी बसवले. दर दहा मिनिटांनी नवी काटकी. पहिल्या तीन काटक्या खाली खाली सरकत गेल्या. नंतर पाणी जागच्या जागीच चुळबुळत राहिले. आणि मग पाचव्या काटकीच्या बुडाशी फेस येऊन लागला, काटकी किंचित कलली, तशी ती दोन्ही मुले ओरडत उठली: ‘सर, परतलं! पाणी परतलं!’ उरलेला वर्ग धावत आला. चंद्र, दिवसातून दोनदा येणारी भरती, रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकणारी तिची वेळ, हे सगळे सरांनी तिथेच वाळूत रेघा ओढून सांगितले. पुस्तकातले ते पान मुलांनी आधी वाचलेले होते. आता त्यांना त्यातले प्रश्न पडू लागले. ‘मग आमच्या सारमानसलाही पाणी असंच चढतं?’ चढते. समुद्राची भरती मांडवीतून आत येते, म्हणून तर खारफुटी आणि खाजन शेते तिथपर्यंत आहेत. बार्जवाल्यांना तर भरतीच्या वेळा तोंडपाठ असायच्या.

बोट आली. खलाशाने समोरची फळी खाली सोडली, दुचाकी उतरल्या, मुले चढली. नदी ओलांडायला फार वेळ लागत नाही, पण त्या वेळात एकाने नेमका प्रश्न काढला: नदीच्या अलीकडे गोवा, पलीकडे महाराष्ट्र, मग पलीकडचा किल्ला आपला कसा? गोव्याचा इतिहास शिकवायला याहून चांगली जागा सापडणार नाही. तेरेखोलचा किल्ला सावंतवाडीकर भोसल्यांचा. 1746 साली पोर्तुगीजांनी तो घेतला. पेडणे महाल मात्र त्यांच्या ताब्यात गेला 1788 साली. म्हणजे नदीपलीकडचे तेरेखोल अलीकडच्या पेडण्याच्या चाळीसहून अधिक वर्षे आधी पोर्तुगीजांकडे गेले आणि नकाशावर तो तुकडा तसाच राहिला. 15 ऑगस्ट 1954 रोजी सत्याग्रहींनी याच किल्ल्यावर तिरंगा लावला. तटावरून मुलांनी केरीची वाळू पाहिली, पलीकडे हरमलच्या बाजूचा डोंगर पाहिला आणि आपण कुठून कुठे आलो ते बोटाने दाखवत राहिली.

मोरजीला टेंबवाड्यावर पोचायला उन्हे कलली. इथे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात, साधारण नोव्हेंबर ते मार्च. वनखात्याने घरट्यांभोवती जाळी लावलेली असते. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी, आणि दीड-दोन महिन्यांनी रात्रीच्या वेळी पिल्ले बाहेर येतात. ती उजेडाकडे चालतात. समुद्रावरचा उजेड हाच रात्री सगळ्यात मोठा, हे त्यांना उपजत ठाऊक असते. किनाऱ्यावरच्या शॅकचे दिवे मात्र त्यांना उलट्या दिशेला ओढतात. हे ऐकून मुले जाळीपासून आपणहून दोन पावले मागे सरली.

भूमध्य समुद्रात ग्रीसचे झाकिंथोस नावाचे बेट आहे. तिथेही वाळूत कासवे अंडी घालतात, जात दुसरी, लॉगरहेड. तिथेही पर्यटकांची झुंबड असते, तीसुद्धा नेमकी कासवांच्या हंगामात, उन्हाळ्यात. 1999 साली ग्रीसने तिथे सागरी राष्ट्रीय उद्यान केले आणि ज्या पुळणींवर घरटी असतात तिथे सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत माणसांना बंदी घातली. दिवसा पोहायला मोकळीक, रात्र कासवांची. मोरजी-मांद्र्यात हंगामापुरता एवढा नियम कडकपणे पाळायला काय हरकत आहे? पर्यटन बुडते, हा युक्तिवाद मला पटत नाही. कासवे आहेत म्हणून तर लोक या पुळणीचे नाव काढतात.

आता एक मागणे. पेडण्याच्या मुलांनीही डिचोलीला यावे. केरी-मोरजीच्या शाळांचे बालरथ एक दिवस नार्व्याला वळवा. दिवाडीवरचे मूळ देऊळ पाडले गेल्यावर सप्तकोटेश्वर नदी ओलांडून तिथे आला आणि 1668 साली शिवाजी महाराजांनी त्याचे देऊळ नव्याने उभारायला लावले. 2023 मध्ये जीर्णोद्धार होऊन ते पुन्हा खुले झाले आहे. हरवळ्याची जांभ्या दगडात कोरलेली लेणी आणि शेजारचा धबधबा तिथून फार लांब नाही. मयेच्या तळ्यावर डबे सोडा. एवढी तीन ठिकाणे दिवसाला पुरतात. धबधबा मात्र डिसेंबरच्या आत गाठा, नंतर त्याचे पाणी उतरू लागते.