चोविहार घराचा, धावपळ एकटीची?



पावसाळ्यात आमच्या तळेघरला सूर्य दिसतच नाही. भीमाशंकरकडून धुकं उतरलं की चार वाजताच दिवा लावावा लागतो. आमच्याकडे चोविहार, म्हणजे सूर्यास्ताआधी सगळ्यांचं जेवण उरकायला हवं. परवा लेक कडेवर रडत होती, कुकरची शिट्टी होत नव्हती आणि बाहेरून ह्यांची हाक आली, "अगं, वेळ होत आली!"

घड्याळ सगळ्यांना दिसतं, मग पोळपाट मला एकटीलाच का दिसतं?

कुणी म्हणेल, धर्मासाठी एवढंही करायचं नाही? करायचंच. चोविहार मला सोडायचा नाही. पण तत्त्वार्थसूत्रात स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि संमती दिलेलं, तिन्ही मोजतात. त्या घाईत मी लेकीवर ओरडले, तर बसून हाक मारणाऱ्याच्या खात्यात काहीच नाही?

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाची २८९ मिनिटं त्यात जातात, पुरुषाची ८८. वर सल्ला असतो, "एखादा छंद जोप." माझी अर्धवट गोधडी दिवाळीपासून पेटीत पडून आहे. त्या २८९ मधली थोडी कुणी उचलल्याशिवाय ती पुरी होणार कशी?

मी घरात स्पष्ट बोलले. आता सासूबाई लेकीला घेतात, हे दुधी चिरतात, पोळ्याही लाटतात. पोळ्या वेड्यावाकड्या होतात, पण काल उजेड असतानाच सगळे एकत्र जेवलो.

व्रत सगळ्यांचं, तर हातही सगळ्यांचे लागू देत.