नमुन्याची वही सांभाळा

कॉम्प्युटर म्हणजे शिकलेल्यांचे काम आणि माग, रंगाई, जिल्दसाजी ही अंगमेहनतीची कामे, असे आपण धरून चाललो आहोत. मुलगा कॉम्प्युटर शिकू लागला की बापाचा हुन्नर त्याला हलका वाटतो. बापालाही तसेच वाटू लागते, हे त्याहून वाईट. हकीकत अगदी उलट आहे. कॉम्प्युटरची पहिली तालीम मागावर झाली.

बनारसचे नक्षबंद कारागीर कागदावरची नक्षी आधी दोऱ्यांत बांधत. कोणत्या ओळीला ताण्याचे कोणते धागे उचलायचे, हा सगळा हिशेब त्या दोऱ्यांत असे. मागावरचा पोरगा त्याप्रमाणे दोऱ्या ओढी आणि विणकर बाणा टाकी. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, हिमरूची जुनी रीतही याच जातीची. १८०४ च्या सुमारास फ्रान्सच्या लिओं शहरात जोसेफ जॅकार्ड याने त्या पोराचे काम पुठ्ठ्याच्या कार्डांवर सोपवले. छिद्र असेल तेथे धागा उचलायचा, नसेल तेथे नाही. 'हो' की 'नाही', एवढीच ती भाषा. कॉम्प्युटर आजही हीच भाषा बोलतो.

इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजने १८३० च्या दशकात आपल्या गणितयंत्रासाठी हीच कार्डे घ्यायचे ठरवले. ते यंत्र पूर्ण झाले नाही, पण त्यावर १८४३ मध्ये लिहिताना एडा लव्हलेस या विदुषीने मागाचीच उपमा दिली. १८९० च्या अमेरिकन जनगणनेची मोजदाद छिद्रांच्या कार्डांवर झाली. आपल्या मोऱ्याहून लाँचने गाठता येते त्या मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, १९६० मध्ये 'टिफरॅक' हा देशी बनावटीचा कॉम्प्युटर सुरू झाला. त्याची स्मृती म्हणजे फेराइटच्या बारीक कड्या आणि त्यांतून उभ्या-आडव्या ओवलेल्या तारा. विणकराला यात ताणाबाणा दिसला तर त्याचे काय चुकले?

किताबांचेही असेच. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागद बनत आला, तो चिंध्या कुटून, लगदा करून. म्हणजे आपल्या दुकानातली कात्रण कागद झाली, कातिबाने त्यावर लिहिले आणि जिल्दसाजाने ती पाने पुन्हा सुईदोऱ्यानेच शिवली. लिओंमध्ये तर १८८० च्या दशकात ख्रिस्ती प्रार्थनांचे एक अख्खे पुस्तक जॅकार्ड मागावर रेशमात विणले गेले. त्यात छापलेले अक्षर एकही नाही.

पण मला सांगायचे आहे ते पुढचे. आम्ही उर्दू शाळेत शिकलो ती पुस्तके कातिबांच्या हातची होती. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांच्या हातच्या हजारो अक्षरजोडांवरून नूरी नस्तालिक कॉम्प्युटरवर आले. १९९४ मध्ये इनपेज आले आणि गल्लोगल्लीच्या कातिबांची कलम थांबली. यात यंत्राचा गुन्हा नाही. ज्याचे अक्षर नोंदले गेले त्याचे नाव राहिले, ज्यांचे नोंदले गेले नाही ते विसरले गेले. आज मागवाल्याची पाळी आहे. भिवंडी-मालेगावचा चांगला चौकडा कोणीही फोनवर टिपतो, कॉम्प्युटरवर चढवतो आणि आपल्या नावाने विकतो.

माझीच चूक सांगतो. वालिदांनी जिल्दसाजाकडून शिवून घेतलेली एक जाड वही दुकानात होती. प्रत्येक पानावर कापडाचा तुकडा, शेजारी उर्दूत सूत, रंग, भाव आणि कारागिराचे नाव. दुकान हलवताना मी ती रद्दीत दिली. काही वर्षांनी एक गिऱ्हाईक जुनी लुंगी घेऊन आले. म्हणाले, हाच माल शंभर नग द्या. कारागीर हयात नव्हता आणि वही नव्हती. ऑर्डर गेली, ती गेलीच. त्या कारागिराचे नावही मला आठवले नाही, याची शरम जास्त वाटली.

म्हणून व्यापारी आणि कारागीर भावांना तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली, नमुन्याची वही ठेवा. तुकडा, तारीख, कारागिराचे नाव लिहा आणि जोडीला तारखेची बिले जपा. दुसरी, नक्षी नवी असेल तर बाजारात दाखवण्याआधी नोंदवा. २००० च्या डिझाइन कायद्याने ती १० वर्षे राखली जाते आणि आणखी ५ वर्षे वाढवून मिळते. आधी जाहीर झालेली नक्षी मात्र नोंदता येत नाही. याचा दुसरा फायदाही समजून घ्या. तुमची जुनी, बाजारात चाललेली नक्षी दुसऱ्याने आपल्या नावावर केली, तर तीच वही आणि तीच बिले नोंदणी रद्द करून घ्यायला कामी येतील. तिसरी, जो मुलगा कॉम्प्युटर शिकतो त्यालाच घरच्या नक्ष्या त्यावर चढवायला बसवा. बाप शेजारी बसून कोणता धागा का उचलतो ते सांगेल. दोघांनाही एकमेकांची किंमत कळेल.

१९८९ पासून न्हावा-शेव्याचे बंदर आमच्या दारात आहे. तिथून माल दुनियेत जातो. कंटेनरवर कोणाचे नाव असेल ते ज्याच्याकडे नोंद आहे तो ठरवणार. वहीला खर्च फार नाही. मी नवी शिवून घेतली आहे, पहिले पान भरले आहे.