ईस्टरचा ‘होय’ बंदरावरही पाळूया

वरळी कोळीवाड्यातील समस्त ख्रिस्ती बंधुभगिनींनो,



ईस्टरच्या जागरणाला हातातल्या मेणबत्त्या पेटतात आणि फादर आपल्याला बाप्तिस्म्याची वचनं पुन्हा विचारतात. सैतानाचा त्याग करता का? देवावर विश्वास आहे का? आपण सगळे एका सुरात ‘होय’ म्हणतो, अंगावर पवित्र पाणी शिंपडून घेतो आणि घरी येतो. सोमवारी मात्र त्यातलाच एखादा सख्ख्या भावाकडे बघतही नाही, कारण वडिलांच्या खोलीचा वाटा अजून मिटलेला नसतो. हे आवाहन त्या ‘होय’साठी आहे.

आपल्याकडे पोराचा बाप्तिस्मा थाटात होतो. व्हावाच. कोळ्याच्या घरच्या कार्यात बँड नको म्हणणारा अजून जन्माला यायचाय! पण पोराचा गॉडफादर कोण, हे बहुतेक वेळा त्याच्या पगारावरून ठरतं. चर्चमध्ये तो ईस्टरच्या मोठ्या मेणबत्तीवरून बाळाची मेणबत्ती पेटवून घेतो, या लेकराच्या श्रद्धेला हातभार लावीन असं कबूल करतो. पुढे उरतं ते वाढदिवसाचं पाकीट. पोरगं शाळा सोडून नाक्यावर बसायला लागलं तरी गॉडफादरला पत्ता नसतो.

योहानाच्या शुभवर्तमानाचा २१वा अध्याय घरात एकदा मोठ्यानं वाचा. कोळ्याला तो समजावून सांगावा लागत नाही. पेत्र आणि त्याचे सोबती रात्रभर जाळं टाकतात, हाती काही लागत नाही. पहाटे किनाऱ्यावरचा कुणी अनोळखी सांगतो, होडीच्या उजव्या अंगाला टाका. रिकाम्या हातानं परतणाऱ्या खलाशाला असा सल्ला किती गोड लागतो, ते आपण जाणतोच! तरी ते जाळं टाकतात, आणि १५३ मोठे मासे लागतात. विश्वास म्हणतात तो हाच. मग तो अनोळखी, म्हणजे येशूच, विस्तवावर भाजलेले मासे आणि भाकर त्यांना खाऊ घालतो आणि पेत्राला तीनदा विचारतो, तुझं माझ्यावर प्रेम आहे का? पेत्र तिन्ही वेळा होकार देतो. येशू तेवढ्यावर त्याला सोडत नाही. दर वेळी माझी मेंढरं सांभाळ म्हणून काम सोपवतो.

असा विश्वास जगण्याचं मराठी घरातलं उदाहरण हवं तर लक्ष्मीबाई टिळकांचं घ्या. त्यांचे पती नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळलं. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. पण त्याआधीच त्यांनी जातिभेद मनातून काढला होता, कोणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवलं होतं. आपल्यातले बहुतेक जण पाळण्यात असतानाच ख्रिस्ती झाले. जगून दाखवायचं काम त्यामुळे आपल्याकडे मागाहून येतं, आणि पुष्कळदा राहूनच जातं.

तेव्हा मागणं एवढंच आहे. डिझेल-बर्फाचा खर्च वजा करून खलाशाचा वाटा त्याच दिवशी चोख द्या. टोपलीत वर लाल कल्ल्यांचं ताजं म्हावरं आणि खाली कालचं, असं करू नका. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे कोळीवाडा सील झाला तेव्हा गोल्फादेवीच्या देवळात जाणारे आणि चर्चला जाणारे एकाच बंदोबस्तात अडकलो होतो. शेजारी कोण एकटं आहे, कोणाचं औषध संपलंय, याची चौकशी तेव्हापुरती नव्हती. ती चालू ठेवा. दारू पिऊन बायकोवर हात उचलणारा आपल्या ओळखीचा असेल तर ‘घरची भानगड’ म्हणून गप्प बसू नका. गॉडफादर-गॉडमदर झाला असाल तर या आठवड्यात त्या पोराच्या घरी जा, पाकीट न नेता, आणि अभ्यास कसा चाललाय ते विचारा.

आणि ज्या भावांचं, जावांचं बोलणं बंद आहे, त्यांनी खोलीचा निकाल लागायची वाट पाहू नये. कोर्टाचं कोर्टात चालू द्या. येत्या ईस्टरच्या जागरणाआधी मोठ्यानं धाकट्याच्या दारात जावं. मोठा जात नसेल तर धाकट्यानं जावं.

आपले,
वरळी कोळीवाड्यातील काही ख्रिस्ती कुटुंबे