विहीर ठेवा, शिंपटी टाका

अभ्यासाच्या ओझ्याखाली मुले कोमेजतात, असे एक पक्ष म्हणतो. लाडाने मुले निकामी झाली, असे दुसरा म्हणतो. नाशिकच्या घराघरांत हा वाद चालतो आणि मूल मात्र दोहोंमध्ये भरडून निघते. आमच्या मते काठिण्य आणि धाक या भिन्न गोष्टींस एकच समजणे, ही दोन्ही पक्षांची चूक होय.

साने गुरुजींनी 1933 साली आमच्याच नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिले. त्यातील श्याम पोहण्यास भिऊन लपतो, तेव्हा आई त्यास शिंपटीने मारून विहिरीवर धाडते. मुलास कोणी भित्रा म्हणू नये, ही तिची तळमळ. तिचे प्रेम आम्हांस शिरसावंद्य आहे, शिंपटी नव्हे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमाने शाळेतील शारीरिक शिक्षा व मानसिक छळ दोन्ही निषिद्ध ठरविले, ते योग्यच झाले. परंतु शिंपटीबरोबर विहीरही बुजविली, तर मुले पोहणार कोठे?

बुद्धीस श्रम हवेतच. 2006 साली अमेरिकेत रोडिगर व कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी काही विद्यार्थ्यांस उतारा पुन्हा वाचावयास दिला. इतरांस तो मिटवून आठवेल तेवढे लिहावयास लावले. पाच मिनिटांनी वाचणारे सरस ठरले. आठवड्याने मात्र त्यांस शेकडा 42 भाग आठवला, लिहिणाऱ्यांस 56. सोपे वाटले ते टिकले नाही. कष्टाने आठविलेले टिकले.

मग अशा चाचणीचे भय का वाटावे? आमचे व्यापारी बंधू रोज रात्री रोजमेळ घालतात. मेळ चुकला तर चूक शोधतात. त्यात कोणाची अब्रू जात नाही. वर्षभर वही न उघडता दिवाळीसच हिशेब मांडणाऱ्याची मात्र छाती धडधडते. आम्ही मुलांस या दुसऱ्या वाटेने नेतो आणि वर चौकाचौकांत पहिल्या क्रमांकांचे फलक लावून उरलेल्यांस खाली पाहावयास लावतो.

तस्मात् शाळाचालकांनी दर आठवड्यास गुणांवाचून, क्रमांकावाचून चाचणी घ्यावी. चूक दाखवावी, पण तिची जाहिरात करू नये. पालकांनी ‘किती गुण मिळाले?’ याआधी ‘आज काय अडले?’ हे विचारावे. प्रश्न कठीण असोत; विचारणाऱ्याचा स्वर मात्र कठोर नसो.