त्वचेचा धर्म कोणता?

'मांस सोडा, चेहऱ्यावर तेज येईल,' हा सल्ला हल्ली आहारशास्त्राच्या नावाखाली दिला जातो. त्यात आरोग्य कमी आणि सोवळे जास्त आहे.

आवळा, पेरू, गाजर, पालेभाज्या त्वचेला उपकारक आहेत, यात वाद नाही. पण मुरुमांचा संबंध अभ्यासकांना मटणापेक्षा साखर, मैदा आणि काही प्रमाणात दुधाशी आढळला आहे. पेढा आणि जिलेबी शाकाहारीच ना? उलट ब-१२ जीवनसत्त्व भाजीपाल्यातून मिळत नाही. ते कमी पडले की बोटांची पेरे काळवंडतात, ओठांचे कोपरे चिरतात. पुणे परिसरातील ४४१ पुरुषांच्या तपासणीचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. त्यांतल्या ६७ टक्के पुरुषांत ब-१२ कमी होते, आणि शाकाहारींत ही कमतरता अधिक होती.

शाकाहार जरूर करावा. दूध-दही घ्यावे, गरज पडली तर गोळ्याही घ्याव्यात. पण त्याला शुद्धतेचे प्रमाणपत्र चिकटवू नये, कारण ते आपल्या ताटापुरते राहत नाही. जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने शालेय पोषण आहारातील अंड्यांसाठीचा निधी बंद केला. ज्या घरात रोजचे दूधही परवडत नाही, तिथल्या पोराच्या चिरलेल्या ओठांना इतरांच्या तेजाचा काय उपयोग?